येशूचा मृत्यू: कोण काय मानतं आणि ते कधीपासून मानतं

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती मित्र सांगतो की येशू वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. मुसलमान सहकारी सांगतो की त्याला वधस्तंभावर दिलंच नाही, अल्लाहने जिवंत वर उचलून घेतलं. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर म्हणतो की तो वधस्तंभावरून वाचला, काश्मीरला आला आणि त्याची कबर श्रीनगरात आहे. यातलं खरं काय आणि स्वतः तपासायचं तर कसं?

तपासण्याची रीत आधी. ‘येशू कसा मेला’ या वाक्यात पाच निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. त्याला वधस्तंभावर चढवलं का? चढवलेला माणूस तोच होता का? तो तिथेच मेला का? शिक्षा कोणी दिली? आणि नंतर देहाचं काय झालं? ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातला मतभेद मुख्यतः पहिल्या दोन प्रश्नांवर आहे, काश्मीरचा दावा तिसऱ्यावर, आणि ज्यू समाजाने शतकानुशतकं सोसलेलं दुःख चौथ्याशी जोडलेलं आहे. प्रश्न ठरला की पुढचं काम: हे म्हणणं पहिल्यांदा कुठल्या मजकुरात दिसतं, तो मजकूर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला गेला, आणि तो आपल्यापर्यंत मूळ माणसाच्या शब्दांत आलाय की त्याच्या विरोधकाच्या. श्रद्धेची किंमत तारखेवरून ठरत नाही. इतिहास म्हणून केलेल्या दाव्याची मात्र ठरते.

सगळ्यात जुना थर

पंतय पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदिया या ज्यू प्रांताचा रोमन अधिकारी होता. त्या दहा वर्षांत वल्हांडण या ज्यू सणाला लागून येणारा शुक्रवार शोधला तर दोन तारखा पुढे येतात: ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३. बहुतेक अभ्यासक यांपैकी एक धरतात.

ख्रिस्ती लिखाणात सर्वांत जुनी आहेत ती पहिल्या पिढीतला प्रचारक पौल याची पत्रं, शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, नव्हेत. करिंथकरांस लिहिलेलं पहिलं पत्र साधारण ५३ ते ५५ मधलं. त्याच्या १५व्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुमच्या स्वाधीन केलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. म्हणजे हे सूत्र पत्राच्याही आधीचं. पौल यरुशलेमेत येशूचा शिष्य पेत्र याला आणि येशूचा भाऊ याकोब याला भेटला होता, हे तो गलतीकरांच्या पत्रात सांगतो. घटनेपासून वीस-पंचवीस वर्षांच्या आत, नातेवाइकांपर्यंत पोचलेल्या माणसाचा हा कागद आहे. त्याच पत्रात तो कबूल करतो की वधस्तंभावर मेलेला ख्रिस्त हे सांगणं यहूद्यांना (ज्यूंना) अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतं. रोमन जगात ही शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना होती. आपल्या तारणाऱ्याबद्दल इतकी लाजिरवाणी गोष्ट अनुयायांनी मुद्दाम रचावी, हे संभवत नाही.

मग येतात चार शुभवर्तमानं: मार्क साधारण ७० च्या सुमाराचं, मत्तय आणि लूक ८० ते ९० च्या आसपासची, योहान त्याहून थोडं उशिराचं. गाभा चौघांत एकच आहे: रात्री अटक, पिलातापुढे सुनावणी, फटके, गुलगुथा ही वधाची जागा, वधस्तंभ, मृत्यू, अरिमथाईच्या योसेफाने देह मागून घेणं. तपशील मात्र जुळत नाहीत. मार्क म्हणतो तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊला खिळलं. योहानात सहाव्या तासाला, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास, येशू अजून पिलातापुढेच उभा आहे. पहिल्या तिघांत शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन. योहानात वल्हांडण अजून व्हायचंय आणि मंदिरात कोकरं कापली जातात त्या दिवशी येशू मरतो. अखेरचे शब्दही वेगळे. मार्क आणि मत्तयात ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, लूकमध्ये ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’, योहानात ‘पूर्ण झालं आहे’. उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये जे सात उद्गार वाचले जातात ते चार पुस्तकांतून वेचलेले आहेत. एक मार्क-मत्तयातला, तीन लूकचे, तीन योहानाचे. एकाही पुस्तकात सातही सापडणार नाहीत.

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण हे फरक दडपतात. काही जण फरक दाखवून म्हणतात की मग सगळंच बनावट. पण चार माणसांनी वेळेबद्दल चार गोष्टी सांगितल्या म्हणून घटना घडलीच नाही असं ठरत नाही. प्रत्येक लेखक मृत्यूचा अर्थ लावतोय. योहानाला येशू हा देवाचा कोकरा म्हणून दाखवायचाय, मार्कला सर्वांनी टाकलेला नीतिमान. अर्थ जिथे शिरतो तिथे तपशील हलतो.

ख्रिस्ती नसलेल्यांची साक्ष थोडी आहे, पण कामाची आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस ११६ च्या सुमारास लिहितो की ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने देहदंड दिला. वधस्तंभ हा शब्द त्याने वापरलेला नाही. शिवाय पिलाताचा हुद्दा तो ‘प्रोक्युरेटर’ असा देतो, तर १९६१ साली कैसरियात सापडलेल्या शिलालेखावर पिलाताच्या काळचा खरा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ असा आहे. ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या ९३ च्या सुमाराच्या ग्रंथात पिलाताने येशूला वधस्तंभाची शिक्षा दिल्याचा उल्लेख आहे, पण त्याच परिच्छेदात ‘तो ख्रिस्त होता’ अशी वाक्यं आहेत जी कुठलाही ज्यू लेखक लिहिणार नाही. ती नंतर ख्रिस्ती नकलाकारांनी घुसवली असं बहुतेक अभ्यासक मानतात. मूळ छोटा उल्लेख मात्र जोसेफसचाच. वादात हा परिच्छेद अख्खा वापरला की हमखास मार बसतो. वापरायचाच तर घुसवलेली वाक्यं सोडून वापरावा.

ज्यू परंपरेतला धर्मनियमांचा ग्रंथ तालमूद (सन्हेद्रिन हा भाग, पान ४३अ) सांगतो की येशूला वल्हांडणाच्या आदल्या दिवशी टांगलं, त्याआधी ४० दिवस दवंडी पिटली, आणि आरोप जादूटोण्याचा व लोकांना बहकवण्याचा होता. इथे शिक्षा ज्यू कायद्याप्रमाणे कल्पिली आहे: आधी दगडमार, मग देह टांगणं. रोमन लोकांचा उल्लेखच नाही. हा मजकूर घटनेनंतर काही शतकांनी संकलित झालेला आहे, तरी ‘आदल्या दिवशी’ हा तपशील योहानाशी जुळतो. मध्ययुगातली ज्यू लोककथा आणखी पुढे जाते. तिच्यात सगळ्या झाडांनी त्याला न धरण्याची शपथ घेतलेली, म्हणून त्याला कोबीच्या दांड्यावर टांगतात. ती छळ सोसणाऱ्या समाजाची उपहासकथा आहे. पुरावा म्हणून ती कुठल्याच बाजूने वापरू नये.

म्हणजे इतिहासाच्या कसोटीवर पहिल्या प्रश्नाचं उत्तर पक्कं आहे. येशूला पिलाताच्या हुकमाने मृत्युदंड झाला, ही त्याच्या चरित्रातली सर्वांत भक्कम बाब आहे आणि ती निरीश्वरवादी अभ्यासकही मान्य करतात. पुनरुत्थान हा वेगळा दावा. तो श्रद्धेचा आहे, आणि वरच्या पुराव्याने तो सिद्धही होत नाही, खोडलाही जात नाही.

खांब की क्रूस, आणि खिळे कुठे

यहोवाचे साक्षीदार मानतात की येशूला आडवा दांडा नसलेल्या सरळ खांबावर, दोन्ही हात डोक्यावर एकत्र खिळून मारलं. त्यांच्या प्रकाशनांत आधी क्रूस होता. १९३०च्या दशकात तो काढला गेला. त्यांचा आधार असा की शुभवर्तमानातल्या ग्रीक ‘स्टॉरॉस’चा मूळ अर्थ खांब, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात ‘झाडावर टांगलं’ असंही म्हटलं आहे. मूळ अर्थ खरा आहे. पण पहिल्या शतकात रोमन लोक कोणतं यंत्र वापरत हा प्रश्न निराळा. रोमन लेखक सेनेका सांगतो की त्याने एकाच नव्हे तर अनेक तऱ्हांचे वधस्तंभ पाहिले: कुणाला उलटं टांगलेलं, कुणाचे हात आडव्या दांड्यावर ताणलेले. दोषी माणूस तो आडवा दांडा स्वतः वाहून नेई, आणि येशूने वाहिला तोही बहुधा तेवढाच. योहानात थोमा ‘हातांतल्या खिळ्यांचे’ व्रण मागतो, खिळे अनेकवचनी. बर्नबाच्या नावाचं जुनं पत्र वधस्तंभाची तुलना ग्रीक ‘टाउ’ अक्षराशी, म्हणजे इंग्रजी टीसारख्या आकाराशी करतं, आणि इ.स. २०० च्या सुमाराच्या हस्तलिखितांत नकलाकार हाच शब्द लिहिताना टाउ आणि ऱ्हो ही अक्षरं जोडून वधस्तंभावरच्या माणसासारखी खूण काढतात. पारडं आडव्या दांड्याकडे स्पष्ट झुकतं.

प्रत्यक्ष हाडांचा पुरावा फार थोडा, म्हणून तो नीट पाहण्याजोगा. १९६८ साली यरुशलेमच्या ईशान्येला गिवत हा-मिवतार इथे एक अस्थिपेटी सापडली. तिच्यावर येहोहानान हे नाव. त्याच्या उजव्या टाचेच्या हाडातून आडवा गेलेला लोखंडी खिळा तसाच राहिलेला आहे, लांबी साधारण ११.५ सेंटिमीटर, टोक वाकलेलं. खिळ्याचं डोकं आणि टाच यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा होता, म्हणजे पाय निसटू नये. यावरून दिसतं की त्याचे पाय एकावर एक ठेवून पुढून ठोकले नव्हते. उभ्या खांबाच्या दोन बाजूंना एकेक टाच ठोकली असावी. चित्रांत दिसते ती एका खिळ्याची मांडणी इथे लागू पडत नाही. दुसरी महत्त्वाची गोष्ट: या माणसाची हाडं घरच्यांना मिळाली आणि कुटुंबाच्या थडग्यात ठेवली गेली. वधस्तंभावरचे देह कधीच पुरले जात नसत, म्हणून येशूची पुरणीही कल्पित, असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. इंग्लंडमध्ये फेन्स्टँटन इथे २०१७च्या उत्खननात टाचेत खिळा असलेला आणखी एक सांगाडा मिळाला.

मृत्यूचं वैद्यकीय कारण? १८४७ साली स्ट्राउड नावाच्या डॉक्टरने हृदय फुटल्याचं मांडलं. विसाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद पियेर बार्बे यांनी गुदमरण्याचा सिद्धांत रूढ केला. १९८६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातल्या लेखाने रक्तस्रावाचा धक्का आणि थकून श्वास बंद पडणं अशी जोड दिली. फ्रेडरिक झुगिबी यांनी स्वयंसेवकांना हात बांधून टांगलं आणि श्वास अडत नाही असं दाखवलं. २००६ साली ब्रिटिश रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या नियतकालिकात या सगळ्या मतांचा आढावा आला. निष्कर्ष हाच की ठामपणे एक कारण सांगण्याइतका पुरावा नाही. अडचण साधी आहे. शवविच्छेदन नाही, आणि ‘कुशीतून रक्त व पाणी निघालं’ हे वाक्य फक्त योहानात आहे, तेही शास्त्रवचन पूर्ण झाल्याचं सांगण्यासाठी. एवढ्या एका ओळीवर निदान उभारलं की ते डळमळतं.

‘दुसराच माणूस मेला’: ही कल्पना इस्लामच्या आधीची

येशू देव असेल तर त्याला वेदना कशा होतील? दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच काही ख्रिस्ती म्हणू लागले की त्याचं शरीर, त्याचं दुःख हा केवळ भास. अंत्युखियाचा इग्नाशियस आपल्या पत्रांतून त्यांच्यावर तुटून पडतो: तो खरोखर जन्मला, खरोखर खिळला गेला, खरोखर मेला. इरेनियस १८०च्या सुमारास लिहितो की बॅसिलिडीस या गुरूच्या मते क्रूस वाहणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला येशूचं रूप मिळालं, तोच मारला गेला, आणि येशू शेजारी उभा राहून हसत होता. हे विरोधकाचं वर्णन आहे. बॅसिलिडीसचे जे तुकडे दुसरीकडे उरलेत त्यांत येशूने खरंच सोसलं असं दिसतं. पण तशी शिकवण कुणाची तरी होती हे नक्की, कारण १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला मिळालेल्या कॉप्टिक पोथ्यांत येशू स्वतः म्हणतो की वधस्तंभावर आंब (शिरका) प्यायला तो दुसराच, क्रूस खांद्यावर घेतला तो शिमोन, आणि मी त्यांच्या अज्ञानाला हसत होतो.

मुख्य प्रवाहातल्या चर्चने हे नाकारलं. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली, म्हणतो ‘पंतय पिलाताच्या वेळेस दुःख सोसलं, वधस्तंभावर खिळला गेला, मेला आणि पुरला गेला’. पिलाताचं नाव तिथे तारीख म्हणून आहे. पुढचा पेच आतला: वधस्तंभावर मेला तो माणूस की देव? ४५१च्या खाल्किदोनच्या परिषदेने एकच व्यक्ती आणि दोन स्वभाव हे उत्तर दिलं. इजिप्त, सिरिया आणि आर्मेनियातल्या मंडळ्या त्यावरून वेगळ्या झाल्या.

आता कुरआन. सूरह निसाच्या १५७व्या आयतीतले शब्द: ‘वमा कतलूहु वमा सलबूहु वलाकिन शुब्बिह लहुम’. भावार्थ: त्यांनी त्याला मारलं नाही, वधस्तंभावरही दिलं नाही, पण त्यांना तसं भासवलं गेलं. पुढची आयत सांगते की अल्लाहने त्याला आपल्याकडे उचललं. आयतीत एवढंच आहे. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताचं नाव नाही, शिमोनाचं नाही, रूप बदलल्याची गोष्ट नाही. संदर्भ आहे तो ‘आम्ही मसीहाला (ख्रिस्ताला) मारलं’ अशी बढाई मारणाऱ्यांना दिलेल्या उत्तराचा.

कोण मेलं हे तफसीरकारांनी, म्हणजे कुरआनच्या भाष्यकारांनी, भरलं, आणि त्यांच्यात एकमत नाही. तबरी (मृत्यू ९२३) अनेक कथा एकापुढे एक देतो. एकीत घरातल्या सगळ्या शिष्यांचे चेहरे ईसांसारखे (येशूसारखे) होतात. इब्न कसीर (मृत्यू १३७३) इब्न अब्बास यांच्या नावावर सांगतो की ईसांनी विचारलं, माझं रूप घेऊन माझ्या जागी कोण मरेल, आणि एक तरुण पुढे झाला. जमख्शरी (मृत्यू ११४४) व्याकरण लावून पाहतो: ‘शुब्बिह’चा कर्ता मसीह असू शकत नाही, कारण तो ज्याच्यासारखं केलं जातं तो आहे, तेव्हा अर्थ ‘त्यांना गोष्टच संदिग्ध झाली’ असाही होतो. फखरुद्दीन राझी (मृत्यू १२०९) आक्षेप उभा करतो की एकाचं रूप दुसऱ्याला मिळू शकत असेल तर डोळ्यांनी पाहिलेल्या कशावरच भरवसा उरणार नाही. मग तो त्याची उत्तरंही देतो. दहाव्या शतकातले इस्माइली विचारवंत अबू हातिम राझी आणि ‘इख्वान अस्सफा’ यांचा गट तर वधस्तंभावरचा देहाचा मृत्यू मान्य करतात आणि आत्म्याला कुणी मारू शकलं नाही असा आयतीचा अर्थ लावतात. सुन्नी आणि बाराइमामी शिया बहुमत मात्र एक आहे: हजरत ईसा मेले नाहीत, जिवंत वर नेले गेले, कयामतीआधी परत येतील, दज्जाल या खोट्या मसीहाचा नाश करतील आणि त्यानंतर त्यांना सर्वांसारखा मृत्यू येईल.

मुसलमान सहकाऱ्याशी बोलताना म्हणून नेमकं विचारावं: तुम्ही आयत सांगताय की तफसीर? श्रद्धावान मुसलमानासाठी आयत ही ईश्वराची साक्ष आहे आणि तारखांच्या तक्त्याने ती हलणार नाही, हे समजूनच बोलावं. इतिहासाच्या रीतीने पाहणारा एवढंच म्हणू शकतो की हा मजकूर सातव्या शतकातला आहे.

जाता जाता एक इशारा. ‘बर्नबाचं शुभवर्तमान’ म्हणून जे पुस्तक यूट्यूबवर पुरावा म्हणून दाखवतात, ज्यात यहूदाचा चेहरा बदलून तो खिळला जातो, ते पहिल्या शतकातलं नाही. त्याचं इटालियन हस्तलिखित व्हिएन्नात आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचं. त्यात येशू नाझरेथला जहाजाने जातो, जे समुद्रापासून दूर डोंगरात आहे. त्यात योबेल, म्हणजे पवित्र मानलेलं वर्ष, दर १०० वर्षांनी येतं. जुन्या करारात ते ५० वर्षांचं, शंभराचा नियम पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० साली आणलेला. आणि त्यात येशू मसीह असल्याचंच नाकारतो, तर कुरआन त्याला वारंवार मसीह म्हणतो. म्हणजे हे पुस्तक मुस्लिम बाजूच्याही उपयोगाचं नाही. वर आलेलं बर्नबाचं पत्र निराळं, त्याची आणि याची गल्लत करू नये.

‘मेला नाही, बेशुद्ध झाला’: जर्मनी ते काश्मीर

शुभवर्तमानातच या विचाराला जागा आहे. मार्कच्या हिशेबाने येशू सहा तासांत मेला. एरवी माणसं दिवसेंदिवस तडफडत. पिलातालाही आश्चर्य वाटलं आणि त्याने शताधिपतीला बोलावून खात्री केली. बाकी दोघांचे पाय मोडले, येशूचे मोडले नाहीत. जोसेफस आत्मचरित्रात सांगतो की ओळखीच्या तिघांना वधस्तंभावर पाहून त्याने रोमन सेनापती टायटसकडे रदबदली केली. तिघांना उतरवून उपचार केले, दोघं दगावले, एक वाचला. म्हणजे वाचणं अशक्य नव्हतं. पण तो एक वाचला तो वेळेत उतरवल्यामुळे आणि वैद्यांच्या देखरेखीत, आणि तरी तिघांतला एकच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत कार्ल बार्ट आणि मग वेंतुरिनी यांनी यावरून कथा रचली की एसीन या ज्यू पंथाच्या गुप्त मंडळींनी येशूला औषधं देऊन वाचवलं. १८२८ साली पाउलुस याने एसीन वगळून तेच तर्काने मांडलं. याला घाव घातला तो चर्चने नव्हे तर चमत्कार न मानणाऱ्या डाव्हिड श्ट्राउसने: थडग्यातून अर्धमेला, मलमपट्टी लागणारा माणूस बाहेर आला असता तर शिष्यांना तो मृत्यूवर जय मिळवलेला प्रभू कसा वाटला असता?

अहमदिया पंथाचे संस्थापक, कादियानचे मिर्झा गुलाम अहमद (१८३५ ते १९०८) यांनी १८९९ साली लिहिलेल्या ‘मसीह हिंदुस्तान में’ या उर्दू पुस्तकात हाच धागा धर्मश्रद्धेचा भाग केला. अहमदिया मत असं: येशूला खिळलं पण तो मेला नाही, मलमाने जखमा भरल्या, इस्राएलच्या हरवलेल्या वंशांना शोधत तो अफगाणिस्तानमार्गे काश्मीरला आला, १२० वर्षांचा होऊन नैसर्गिकरीत्या मेला आणि श्रीनगरच्या खानयार भागातल्या रोझाबलमध्ये पुरला गेला. त्यांचे आधार: जुन्या करारातला संदेष्टा योना याच्यासारखी खूण देण्याचं येशूचं वचन, कारण योना माशाच्या पोटात जिवंत होता, निकदेमाने आणलेले १०० रोमन शेर, म्हणजे सुमारे ३३ किलो, गंधरस आणि अगरू, आणि सूरह आले इम्रानच्या ५५व्या आयतीचा ‘मी तुला मृत्यू देईन’ असा अर्थ. हा अहमदिया पंथाचा सिद्धांत आहे. रोझाबलच्या आसपासचे सुन्नी मुसलमान तो मानत नाहीत.

रोझाबलमधल्या संताचं नाव यूझ आसफ. काश्मीरच्या अठराव्या शतकातल्या फारसी इतिहासात या कबरीचा उल्लेख आहे, परदेशातून आलेल्या राजपुत्र-पैगंबराची म्हणून. पण हे नाव अरबी साहित्यात त्याआधी कितीतरी शतकं सापडतं, आणि ते येशूचं नाही. बुद्धाची गोष्ट अरबीत गेली तेव्हा बोधिसत्त्वाचा ‘बुदासफ’ झाला. अरबी लिपीत ब आणि य यांत फरक एका नुक्त्याचा, त्यामुळे ‘युदासफ’, ‘यूझासफ’ ही रूपं निघाली. त्या अरबी कथेत राजपुत्र संन्यासी होतो आणि काश्मीरमध्ये मरतो. बुद्धाचं निर्वाण झालं त्या कुशिनाराचं काश्मीर झालं असं अभ्यासक मानतात. राजपुत्र, परका, उपदेशक, काश्मिरात मृत्यू: कबरीच्या आख्यायिकेतले सगळे तुकडे या बुद्धकथेत आधीपासून आहेत.

आपल्याकडे फिरणाऱ्या मजकुरात इथेच तीन वेगळ्या गोष्टींची मिसळ होते. पहिली, रशियन प्रवासी नोतोविच याचं १८९४चं पुस्तक. लडाखच्या हेमिस मठात ‘इस्सा’चं, म्हणजे येशूचं, चरित्र सापडल्याचा त्याचा दावा होता. १८९५ साली आर्चिबाल्ड डग्लस हेमिसला गेले तेव्हा तिथल्या प्रमुख लामांनी असा ग्रंथ असल्याचं साफ नाकारलं. पण तो दावा खरा धरला तरी त्यात येशू तरुणपणी भारतात येतो, परत जातो आणि पिलाताच्या हुकमाने वधस्तंभावर मरतो! काश्मीरच्या कबरीला ते पुस्तक विरोधीच आहे. दुसरी, भविष्यपुराणाचं प्रतिसर्गपर्व, जिथे शालिवाहन राजाला हिमालयात पांढऱ्या वस्त्रांतला ‘ईशपुत्र’ भेटतो. त्याच पर्वात अकबर आणि इंग्रजांची सत्ता येते, यावरून त्याचं वय ओळखावं. शिवाय वधस्तंभाबद्दल त्या भेटीत अवाक्षर नाही. तिसरी, ग. दा. ऊर्फ बाबाराव सावरकर यांचं १९४६ साली प्रसिद्ध झालेलं मराठी पुस्तक ‘ख्रिस्तपरिचय’, जे २०१६ साली मुंबईत पुन्हा निघालं. त्यात एसीनांनी वनौषधींनी वाचवलेला येशू काश्मीरमध्ये देह ठेवतो. एसीन आणि औषधं जर्मनीतल्या कादंबरीवजा चरित्रांपासूनची, काश्मीर मिर्झासाहेबांच्या काळापासूनचं. पहिल्या शतकातला धागा त्यात एकही नाही. जपानच्या आओमोरी प्रांतातल्या शिंगो गावीही येशूची कबर दाखवतात, तिथे म्हणे त्याच्या ऐवजी भाऊ मेला आणि तो १०६ वर्षं जगला. ती कथा १९३०च्या दशकातली.

शिक्षा कोणी दिली

चौथा प्रश्न शेवटी घेतलाय, कारण त्याच्या चुकीच्या उत्तराने माणसं मेली आहेत. वधस्तंभ ही रोमन शिक्षा, हुकूम रोमन अधिकाऱ्याचा, खिळे ठोकणारे रोमन सैनिक, आणि डोक्यावरची पाटी ‘यहूद्यांचा राजा’, म्हणजे आरोप राजद्रोहाचा. मुख्य याजक कयफा आणि मंदिराच्या कारभाऱ्यांनी त्याला पकडून पिलाताकडे दिलं हेही बहुतेक अभ्यासक मानतात. पण शुभवर्तमानं क्रमाने वाचली तर पिलात अधिकाधिक मवाळ होत जातो. मत्तयात तो हात धुतो आणि जमाव ‘याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर’ म्हणतो. योहानात तो पुन्हापुन्हा निर्दोष म्हणतो. इथिओपियाच्या चर्चने तर त्याला संत मानलं. याउलट फायलो आणि जोसेफस या ज्यू लेखकांचा पिलात क्रूर आहे, आणि ३६ साली शोमरोनी (सॅमरिटन) लोकांच्या कत्तलीनंतर त्याला रोमला परत बोलावलं गेलं. रोमन राज्यात राहणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांना रोमन अधिकाऱ्यावर दोष ठेवणं परवडणारं नव्हतं.

मत्तयातल्या त्या एका वाक्यावरून युरोपात शतकानुशतकं ज्यूंना ‘ख्रिस्ताचे मारेकरी’ म्हटलं गेलं. १९५९ साली पोप जॉन तेविसावे यांनी उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून ज्यूंबद्दलचा ‘अविश्वासू’ हा शब्द काढला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्राने सांगितलं की येशूच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येणार नाही. तरीही उत्तम शुक्रवारी योहानाचे १८ आणि १९ हे अध्याय वाचले जातात तेव्हा ‘यहूदी ओरडले’ हे शब्द येतातच. वाचणाऱ्याने आधी दोन वाक्यांत सांगावं की येशू, त्याची आई आणि सगळे शिष्य यहूदीच होते, आणि इथे योहानाचा रोख मंदिराच्या अधिकाऱ्यांवर आहे.